४.० गिगाहर्ट्झ, पण कोणत्या महिन्यात? विदर्भातल्या एका एडिटिंग मशीनचं पहिलं ओव्हरक्लॉकिंग

पार्श्वभूमी

हे प्रकरण २०१९ च्या लग्नसराईतलं आहे. अमरावती जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, तिथे भाऊ-बहीण मिळून लग्नाच्या व्हिडिओचं काम करतात, भाऊ शूट करतो आणि बहीण एडिटिंग. नाव-गाव मुद्दाम देत नाही, तिला इथे ताई म्हणतो. मशीन मीच असेंबल करून दिलं होतं म्हणून पुढचं सगळं फोनवर आणि काही वेळा तिथे जाऊन जवळून बघायला मिळालं, आणि तिने सगळे आकडे वहीत लिहून ठेवले होते त्यामुळे हे नीट सांगता येतंय.

मशीन असं होतं: एएमडीचा रायझन ५ २६००, म्हणजे ६ कोर १२ थ्रेड, बेस ३.४ आणि बूस्ट ३.९ गिगाहर्ट्झ, ६५ वॉटचा प्रोसेसर. सोबत बॉक्समध्ये येणारा रेथ स्टेल्थ कूलर. बी४५० चिपसेटचं सगळ्यात स्वस्तातलं बोर्ड, प्रोसेसरला वीज देणाऱ्या व्हीआरएमवर हीटसिंक नाही. ८-८ जीबीच्या दोन ३००० वेगाच्या रॅम स्टिक, जीटीएक्स १०५० टीआय कार्ड, एक एसएसडी. बजेट तेवढंच होतं आणि त्या बजेटात हे ठीकच होतं.

नेमकी अडचण

एप्रिल-मे मध्ये ऑर्डरी एकावर एक येतात. एका लग्नाचा मुख्य व्हिडिओ एक्सपोर्ट करायला तासाच्या वर वेळ, मग पार्टी (म्हणजे गिऱ्हाईक) बघते, म्हणते मामाचा सत्कार राहिला, हे गाणं बदला, की परत तासभर. त्या काळात प्रीमियर प्रो या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डवर एच.२६४ व्हिडिओ एन्कोड करायची सोय नव्हती (ती २०२० च्या मे मध्ये आली, त्याबद्दल पुढे), म्हणजे एक्सपोर्टचा सगळा भार प्रोसेसरवर. टास्क मॅनेजरमध्ये बाराही थ्रेड पूर्ण भरलेले, ग्राफिक्स कार्ड अधूनमधूनच हलतंय. ताईने हे आधी बघितलं आणि मग मला विचारलं, "दादा, प्रोसेसर फास्ट करता येतो म्हणतात, आपला होईल का?"

हा प्रश्न विचारायच्या आधी तिने अडचण प्रोसेसरचीच आहे हे तपासलं हे मला फार आवडलं, कारण बरेच जण डिस्क स्लो असते किंवा रॅम भरलेली असते आणि ओव्हरक्लॉक (म्हणजे ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) प्रोसेसर करत बसतात.

कोणते पर्याय होते

पहिला, काहीच करायचं नाही, दिवसभर एडिट करायचं आणि एक्सपोर्ट सगळे रांगेत लावून रात्री सोडायचे. फुकटचा आणि बिनधोक उपाय. पण दुरुस्त्या दिवसा येतात आणि पार्टी संध्याकाळी पेनड्राइव्ह न्यायला दारात उभी असते.

दुसरा, त्याच एएम४ सॉकेटवर ८ कोरचा रायझन ७ २७०० टाकायचा. काम नक्की झालं असतं, पण सीझनचे पैसे हातात यायला जून उजाडतो. शिवाय रायझन ३००० येणार हे सगळ्यांना माहीत होतं (ते ७ जुलै २०१९ ला आले), तेव्हा दोन महिने आधी जुना माल घेणं तिला पटेना.

तिसरा, आहे त्या स्टॉक, म्हणजे बॉक्समधल्या, कूलरवरच ओव्हरक्लॉक. चौथा, दीड-दोन हजारांचा टॉवर कूलर घेऊन ओव्हरक्लॉक.

२६०० च्या बाबतीत ओव्हरक्लॉकला अर्थ होता, हे इथे सांगायला हवं कारण प्रत्येक चिपला तो नसतो. या चिपचा सगळे कोर चालू असतानाचा वेग ३.६ च्या आसपास राहायचा आणि एकट्या कोरचा बूस्टसुद्धा ३.९ च, त्यामुळे सगळे कोर ४.० ला बसवले तर कुठेच तोटा नाही. हेच २६००एक्स असतं तर तो स्वतःच एका कोरवर ४.२ पर्यंत जातो, त्याला हाताने ४.० किंवा ४.१ वर खिळवलं की एका कोरच्या कामात उलट वेग कमी होतो.

वॉरंटीचं मी आधीच स्पष्ट सांगितलं. मल्टिप्लायर (बेस क्लॉकला ज्याने गुणून वेग ठरतो तो आकडा) उघडा दिलेला असला आणि ओव्हरक्लॉकचं सॉफ्टवेअर एएमडीचंच असलं तरी ओव्हरक्लॉकमुळे झालेलं नुकसान एएमडीच्या वॉरंटीत बसत नाही. भावाला हे ऐकून धाकधूक झाली, तो म्हणाला सीझनमध्ये मशीन गेलं तर काय करायचं. मग ठरलं की व्होल्टेज १.३५ च्या वर काही झालं तरी न्यायचं नाही, आणि चालू ऑर्डरींचं सगळं फुटेज दुसऱ्या डिस्कवर कॉपी झाल्याशिवाय बायोसला, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगला, हात लावायचा नाही. मला विचाराल तर अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय हाच, आणि तो भावाच्या काळजीतून आला.

चौथा पर्याय निवडला. टॉवर कूलर मागवला.

काय काय केलं

सुरुवातीला काहीही न बदलता मोजमाप. एकच जुना लग्नाचा प्रोजेक्ट बाजूला काढला आणि तो दरवेळी त्याच सेटिंगने एक्सपोर्ट करायचा असं ठरवलं, स्टॉकवर, म्हणजे कंपनीच्या मूळ सेटिंगवर, त्याला ६२ मिनिटं लागली. प्रोसेसरचा वेग मोजणारं सिनेबेंच आर२० तर होतंच पण गिऱ्हाइकाला सिनेबेंच देता येत नाही, त्यामुळे खरी फूटपट्टी तो प्रोजेक्ट. हार्डवेअर इन्फो उघडं ठेवून तापमान बघायचं आणि टेबलावर साधं थर्मामीटर ठेवून खोलीचंही लिहायचं. खोलीचं तापमान लिहायची कल्पना तिचीच आणि पुढे सगळा उलगडा त्यामुळेच झाला.

मग रॅम. ३००० ची रॅम २१३३ वर चालली होती, कारण रॅमला तिच्या पूर्ण वेगावर नेणारं एक्सएमपी प्रोफाइल बायोसमध्ये चालू केल्याशिवाय चालू होत नाही, हे किती घरांमध्ये तसंच राहून गेलेलं असतं! रायझनमध्ये आतले भाग जोडणारी इन्फिनिटी फॅब्रिक रॅमच्या घड्याळावरच चालते, त्यामुळे याचा फायदा नुसत्या रॅमपुरता राहत नाही. आधी बायोस अपडेट केला, एक्सएमपी चालू केलं आणि मेमटेस्ट रात्रभर लावून रॅम निर्दोष आहे याची खात्री केली. प्रोसेसरला अजून हात नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर मशीन अडखळलं की दोष कोणाचा ते कळत नाही.

मग नवा कूलर बसवला, थर्मल पेस्ट नवी लावली, आणि वेग वाढवायला घेतला. बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झ तसाच, मल्टिप्लायर ३७, ३८ असा एकेक वर. व्होल्टेज ऑटोवर न ठेवता हाताने १.२५ दिलं, कारण ऑटोवर सोडलं की बरीच बोर्डं गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देऊन मोकळी होतात. आधी विंडोजमध्ये एएमडीच्या रायझन मास्टर सॉफ्टवेअरने चाचपायचं आणि पक्कं झालं की बायोसमध्ये लिहायचं.

३.८ आणि ३.९ सहज झाले. ४.० ला सिनेबेंच पास झालं आणि तिचा मेसेज आला झालं म्हणून, पण प्राइम ९५ ची ताण चाचणी लावल्यावर थोड्या वेळात त्याचा एक वर्कर (एका वेळी चालणाऱ्या कामांपैकी एक) राउंडिंग एरर देऊन थांबला. आता सिनेबेंच पास होतं आणि प्राइम नापास होतं यात गोंधळून जाऊ नये. प्राइम ९५ मुळात मर्सेन अविभाज्य संख्या शोधायचं सॉफ्टवेअर आहे, त्याला गणित तपासावंच लागतं, त्यामुळे प्रोसेसरने एक बेरीज जरी चुकवली तरी ते लगेच पकडतं. सिनेबेंच चित्र रंगवतं, एखादा ठिपका चुकला तर ते काही ओरडत नाही. मशीन बंद पडलं नाही याचा अर्थ मशीन बरोबर उत्तर देतंय असा होत नाही, आणि ज्याचं काम व्हिडिओ एन्कोड करायचं आहे त्याला हा फरक फार महाग पडू शकतो.

व्होल्टेज १.३१२५ केलं. तरी एरर. हार्डवेअर इन्फोमध्ये बघितलं तर लोड आल्यावर व्होल्टेज १.२६ पर्यंत खाली बसत होतं. त्यावर उपाय म्हणून बायोसमध्ये लोड लाइन कॅलिब्रेशन असतं, ते लोडवर व्होल्टेज खाली बसू देत नाही, ताई म्हणाली सगळ्यात वरची लेव्हल टाकू म्हणजे खाली बसायचा प्रश्नच नाही. मी मधलीच टाकायला सांगितली, कारण वरच्या लेव्हलला लोड एकदम सुटतो त्या क्षणी व्होल्टेज उलट वर उसळतं आणि ती उसळी सॉफ्टवेअरला दिसतही नाही. मधल्या लेव्हलवर ४.० गिगाहर्ट्झ, १.३१२५ व्होल्ट, प्राइम रात्रभर बिनचूक चाललं. खोली ३० अंश, प्रोसेसर ७६.

आता ४.१ चा मोह. त्याला १.४ च्या जवळ मागणी येत होती. इथे थोडं गणित करून बघण्यासारखं आहे. प्रोसेसरची वीज वेगाच्या प्रमाणात वाढते पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. स्टॉकला ३.६ आणि साधारण १.२ व्होल्ट धरले, तर ४.० ला १.३१२५ म्हणजे वेग ११ टक्के वर आणि वीज सुमारे ३३ टक्के वर. ४.१ ला १.४ म्हणजे वेग १४ टक्के आणि वीज ५५ टक्के. शेवटच्या तीन टक्क्यांसाठी एवढी उष्णता कोणी अंगावर घ्यायची? ४.१ सोडून दिलं. १.३५ ची मर्यादा आधीच ठरलेली होती म्हणून वादही झाला नाही.

त्याच प्रोजेक्टला आता ५६ मिनिटं. सहा मिनिटं वाचली. ताई खूश होती.

मे महिन्यातली दुपार

बारा-पंधरा दिवस सगळं छान चाललं. मग मे च्या मधल्या आठवड्यात भर दुपारी एक्सपोर्ट चालू असताना मशीन आपोआप रीस्टार्ट झालं. परत लावलं, परत तेच. तिसऱ्यांदा एक्सपोर्ट पूर्ण झाला आणि तिने पेनड्राइव्ह भरायच्या आधी सवयीने फाइल पळवून बघितली तर वरातीच्या मधोमध हिरव्या चौकटींचा पट्टा, काही फ्रेमच, पण होता. तो पाहुण्यांच्या टीव्हीवर दिसला असता! माझ्या मते दोन रीस्टार्टपेक्षा ही एक फाइल जास्त गंभीर होती.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीआ लॉगरच्या नोंदी सापडल्या, म्हणजे हार्डवेअरकडूनच आलेल्या एरर. मग वही उघडली. सगळ्या टेस्ट रात्री झाल्या होत्या, खोली २९ ते ३१ अंश. त्या दुपारी बाहेर ४५ आणि लाइन गेलेली. विदर्भात घरोघरी असतो तसा त्यांच्याकडे वाळ्याच्या ताट्यांचा मोठा कूलर, तो चालू असला की खोली ३३-३४ ला राहते. पण कॉम्प्युटर, पंखा आणि लाइट इन्व्हर्टरवर, कूलर इन्व्हर्टरवर नाही. म्हणजे लाइन गेली की खोली थंड करणारी वस्तू बंद आणि खोली गरम करणारी वस्तू चालू. खोली ४१ ला पोचली होती.

सरळ निष्कर्ष असा की प्रोसेसर तापला. पण प्रोसेसर ८७ दाखवत होता आणि २६०० ची मर्यादा ९५ आहे, म्हणजे तापलाय पण स्वतःहून थांबावं इतका नाही. तेव्हा एकेक गोष्ट वेगळी करून बघितली. रॅम परत २१३३ वर आणि प्रोसेसर ४.० वर ठेवला, दुपारी रीस्टार्ट झालंच. प्रोसेसर स्टॉकला आणि रॅम ३००० वर, काही त्रास नाही. रॅम सुटली. इन्व्हर्टरवर लाइन बदलताना झटका बसत असेल का अशी शंका भावाने काढली, रास्त शंका होती, म्हणून लाइन चालू असताना पण खोलीचा कूलर मुद्दाम बंद ठेवून बघितलं. तरीही रीस्टार्ट. इन्व्हर्टरही सुटला.

राहिलं व्हीआरएम. हार्डवेअर इन्फोमध्ये बोर्डाच्या मॉसफेटचं (व्हीआरएममधल्या विजेच्या स्विचचं) तापमान खाली कुठेतरी दिसतं, तोवर ते कोणी बघितलंच नव्हतं. खोलीचा कूलर बंद असताना एक्सपोर्ट लावला आणि तो आकडा ११० च्या वर गेला.

आणि यात नव्या टॉवर कूलरचाच हात होता. बॉक्समधला रेथ स्टेल्थ वरून खाली हवा मारतो, ती हवा प्रोसेसरवरून सॉकेटच्या आजूबाजूला पसरते आणि व्हीआरएमला आयती मिळते. टॉवर कूलर हवा आडवी मागच्या पंख्याकडे नेतो. प्रोसेसर जास्त थंड झाला, व्हीआरएमचा वारा गेला, आणि त्याच वेळी त्याच बिनहीटसिंकच्या व्हीआरएमकडून तिसऱ्या हिश्श्याने जास्त वीज मागायला लागलो. रात्री ३० अंशात हे सगळं निभावून गेलं. तापलेल्या चिपला तोच वेग टिकवायला व्होल्टेजही थोडं जास्त लागतं, म्हणजे ३० अंशाला कसंबसं पुरलेलं १.३१२५ हे ४१ अंशाला अपुरं. दोन्ही बाजूंनी कोंडी.

मग काय ठरवलं

तीन रस्ते होते. व्होल्टेज अजून वाढवायचं, म्हणजे एरर जातील पण व्हीआरएम अजून तापेल, हा लगेच बाद. सगळं स्टॉकला आणून विषय बंद करायचा, भावाचं मत हेच. किंवा वेग थोडा खाली आणून व्हीआरएमला वारा द्यायचा. सीझन संपेपर्यंत भावाचं ऐकलं, मशीन स्टॉकला आलं, ऑर्डरी वेळेवर गेल्या. चालू कामात प्रयोग थांबवले हे बरोबरच झालं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस यायच्या आत, अजून ऊन कडक असताना परत हात घातला, आणि यावेळी टेस्ट मुद्दाम दुपारी दोन ते पाच, खोलीचा कूलर बंद ठेवून. कॅबिनेटच्या आत एक १२० मिमीचा पंखा केबल टायने बांधला, तोंड व्हीआरएमकडे. तेवढ्याने मॉसफेटचा आकडा ८५-८८ वर आला. मग ३.८ गिगाहर्ट्झ आणि १.२२५ व्होल्ट, हे ४० अंशाच्या खोलीत प्राइममध्ये तासन्‌तास बिनचूक. बायोसमध्ये दोन प्रोफाइल सेव्ह केले: मार्च ते जून ३.८ चं, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी ४.० चं. मधल्या महिन्यांत पण ३.८ च ठेवायचं असं ताईने ठरवलं, दिवाळीनंतरच बदलायचं.

निकाल

तोच प्रोजेक्ट स्टॉकला ६२ मिनिटं, ३.८ ला ५९, ४.० ला ५६. एवढंच. तीन मिनिटांसाठी एवढा खटाटोप का असं कोणी विचारेल तर प्रश्न बरोबर आहे, भर उन्हाळ्यात, म्हणजे ऐन गरजेच्या काळात, फायदा पाच टक्क्यांचाच राहिला. रॅम ३००० वर गेल्याने टाइमलाइन थोडी सुटसुटीत वाटते असं ताई म्हणायची, ते मोजलेलं नाही म्हणून आकडा देत नाही. टॉवर कूलरचे पैसे मात्र वसूल झाले असं मी म्हणेन, स्टॉक कूलरचा घुंघुं आवाज गेला आणि ज्याला दिवसभर कानात हेडफोन घालून आवाजाची एडिटिंग करायची त्याला ते मोठं सुख आहे.

पुढे मे २०२० मध्ये प्रीमियर प्रोच्या १४.२ अपडेटमध्ये एनव्हिडिया कार्डवर एन्कोडिंग आलं. लॉकडाउन होतं, लग्नं बंद होती, ताईने तोच जुना प्रोजेक्ट काढून लावून बघितला, एक्सपोर्ट निम्म्याहून कमी वेळात. ओव्हरक्लॉकने जे दिलं त्याच्या कितीतरी पट, तेही त्याच १०५० टीआय कार्डवर. क्वालिटी थोडी उतरते म्हणून ती बिटरेट वाढवून देते, पार्टीला फरक दिसत नाही.

पुन्हा करायचं झालं तर

टेस्टची वेळ. रात्री टेस्ट करावीशी वाटते कारण मशीन रिकामं असतं, पण नागपूर-अकोला-अमरावती पट्ट्यात रात्र आणि दुपार यात १०-१५ अंशांचा फरक सहज पडतो. ओव्हरक्लॉक हिवाळ्यात केलं असेल तर ते मे मध्ये नव्याने टेस्ट करायचं, किंवा हीटर नसला तरी खोली बंद करून, कूलर-एसी बंद ठेवून लोड लावायचा. प्रोसेसरचा आकडा खोलीच्या आकड्याशिवाय लिहूच नये. पुण्या-मुंबईच्या कोणी ४.१ वर बिनधास्त चालतं म्हटलं तर ते त्याच्या खोलीत चालतं.

बोर्ड. बी४५० वर ओव्हरक्लॉक करता येतं, ए३२० वर नाही, एवढंच बघून बोर्ड घेतलं जातं. व्हीआरएमवर हीटसिंक आहे का हे त्याच्याइतकंच बघायला हवं. आणि बोर्ड आधीच घेतलेलं असेल तर कूलर निवडताना, वरून हवा मारणारा चांगला कूलर या मशीनला टॉवरपेक्षा जास्त शोभला असता, किंवा टॉवरबरोबर पहिल्या दिवसापासून व्हीआरएमवर पंखा.

क्रम. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा करणाऱ्याने उलट्या दिशेने जावं. वेग वाढवत कुठे अडकतो ते शोधण्याऐवजी ३.८ सारखा माफक वेग धरून व्होल्टेज किती खाली आणता येतं ते शोधावं. थंड चालतं, शिकायला तेवढंच मिळतं, आणि बोर्डावर ताण येत नाही.

लोड लाइन कॅलिब्रेशन मधल्या लेव्हलला ठेवणं आणि १.३५ ची मर्यादा आधी ठरवणं, हे दोन्ही मी पुन्हाही तसंच सांगेन. बायोसमधून बाहेरच आलं नाही तर सीमॉस (जिथे बायोसच्या सेटिंग साठतात ते) कसं क्लिअर करायचं, त्याचा जंपर कुठे आहे, नाहीतर सीआर२०३२ ची बटण बॅटरी काढून थोडा वेळ ठेवायची, हे ताईला सुरुवात करायच्या आधीच हाताने करून दाखवलं होतं. गरज पडली नाही, तरी दाखवावंच.

आणि ज्यांचं काम गिऱ्हाइकाच्या हातात जातं त्यांच्यासाठी, ओव्हरक्लॉक कितीही पक्कं वाटलं तरी पहिला महिना प्रत्येक एक्सपोर्ट शेवटपर्यंत पळवून बघायचा, आणि ज्या मास्टर फाइलवरून पुढे कॉपी निघणार आहेत ती स्टॉकवरच काढायची. ताई अजूनही तेच करते, बायोसमधलं ३.८ चं प्रोफाइल रोजच्या एडिटिंगला आणि लग्नाची अंतिम मास्टर फाइल काढताना डिफॉल्ट.